कठड्याबाहेरची आई

मुलगी दारातून आत येते आणि तिने चपला काढण्याआधीच आपण विचारतो, "कितवी आलीस?" आपल्या कितीतरी घरांतली ही रीत आहे. घोडबंदर रोडवरच्या एका इमारतीत, अठराव्या मजल्यावर, आसावरी दिघे हाच प्रश्न आपल्या तेरा वर्षांच्या देवयानीला दर रविवारी घोडेस्वारीच्या सरावाहून परतल्यावर विचारीत असे.

"तिसरी."

"पहिली कोण?"

"दक्षता."

"तिला काय चार हात आहेत?"

"तिला नसतील, पण तिच्या घोड्याला चार पाय आहेत," अद्वय वर्तमानपत्राआडून म्हणे. "तुझ्या हिशेबाने तेही कमीच." नवऱ्याचे असले विनोद आसावरीला रुचत नसत.

देवयानीला घोडेस्वारीला घातले, तेव्हा स्पर्धेचा विचार कुणाच्या मनातही नव्हता. वर्गात नाव विचारले तरी ही मुलगी मान खाली घालीत असे. कुणीतरी सुचवले म्हणून तिला येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका तबेल्यात नेले, आणि कस्तुरी नावाच्या तांबूस घोडीने सहा महिन्यांत तिला कंठ दिला. पुटपुटलेला हुकूम घोडी ऐकत नाही, तिला स्पष्ट सांगावे लागते. देवयानी स्पष्ट सांगू लागली, मग वर्गातही हात वर करू लागली. आसावरीने इथेच समाधान मानायला हवे होते. तिला मात्र पदक दिसू लागले, आणि तिने देवयानीचे नाव अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेत घातले.

स्वारीच्या शिक्षणात एक जुना दंडक आहे. पडलेल्या स्वाराने लगेच पुन्हा खोगिरावर बसावे, म्हणजे भीती मनात घर करीत नाही. तबेल्यात स्वारी शिकवणाऱ्या हितेश सरांनी तो पहिल्याच दिवशी पालकांना सांगितला होता. आसावरीने तो घरी नेला आणि सगळ्याला लावला. गणितात कमी गुण पडले, ऊठ. ताप आला, ऊठ. रडायचे नाही.

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी, सराव चालू असताना, देवयानी अडथळ्याच्या अलीकडे पडली. डावा खांदा जमिनीवर आपटला. घोडी चार पावले जाऊन आपणहून थांबली. गोमाजी धावत आत गेला. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला हा साठीचा मोतद्दार तीस वर्षे घोडी राखीत आला होता.

"हात वर करून दाखव मना, बाय."

"काही झालेलं नाही तिला," आसावरी मैदानाच्या कठड्याबाहेरून म्हणाली. "देवयानी, ऊठ. नियम काय आहे?"

"नियम हाय, मॅडम. पन आधी पोरीला इचारायचा, मंग जनावर बघायचा, मंग बसायचा. तुम्ही शेवटचा तेवढा उचललाव."

"गोमाजी, तुम्ही घोडी धरा. शिकवायला सर आहेत."

हितेश सरांनी मुलीकडे पाहिले, मग आसावरीकडे. "देवयानी, ठीक आहेस ना?"

देवयानीने आईकडे पाहिले. "काही नाही झालं, सर."

एकाच हाताच्या आधाराने ती वर चढली. घोडीच्या पलीकडे लगाम धरून उभ्या असलेल्या गोमाजीला ते दिसले नाही, आणि सर अडथळ्याकडे वळले होते. कठड्यावर रेललेल्या पालकांना दिसले, पण त्यातले त्यांना काही कळले नाही. आसावरीने तर टाळी वाजवली.

अडथळ्यासमोर घोडी सरळ ठेवायची तर लगाम दोन्ही हातांनी सारखा धरावा लागतो. डावा हात उचललाच गेला नाही. कस्तुरी उजवीकडे ओढली गेली, थेट अडथळ्याच्या खांबावर आदळली, देवयानी पुन्हा खाली पडली, आणि घोडीच्या पुढच्या पायाचे हाड मोडले. असा पाय जुळत नाही. पशुवैद्यांनी तासाभरात ताडपत्रीच्या आडोशाला तिला शेवटची सुई दिली. गोमाजीने तिचे डोके मांडीवर घेतले होते.

तोवर इकडे इस्पितळात देवयानीच्या डाव्या खांद्याजवळच्या हासळीच्या हाडाचे दोन तुकडे झाल्याचे निदान झाले होते.

"आई, पहिल्यांदा पडले तेव्हाच कट् आवाज आलेला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू बघत होतीस."

आसावरीने तिच्या अंगावरची चादर नीट केली.

"मी सांगितलं असतं तर कस्तुरी जगली असती ना?" देवयानी भिंतीकडे वळून म्हणाली. "मी मारलं तिला."

त्यानंतर मुलगी मिटली. हाड जुळत होते, पण ती कुणाशी बोलेना. वर्गातली मान पुन्हा खाली गेली. महिन्याभराने आसावरी एकटीच तबेल्यात आली. गोमाजी कस्तुरीच्या रिकाम्या ठाणाची जमीन धूत होता.

"गोमाजीकाका, तुम्ही तिला सांगा. तिची चूक नव्हती म्हणून. तुमचं ऐकेल ती."

"मी सांगन. पन खरा काय झाला, त्या कोन सांगनार?" त्याने बादली खाली ठेवली. "आयका. जे जनावर दुखला की लंगडून दावतं, त्या चांगला. त्याच्यावर मी डोळे मिटून पोर बसवतो. जे दुखना लपवतं ना, त्याची मना भीती वाटतं. कवा कोसळंल, नेम नाय. तुमची पोर लपवायला शिकली, मॅडम. घोड्यांनी नाय शिकवला तिला त्या."

काय करून बसलो आपण! मुलीचा आत्मविश्वास म्हणून आसावरी जो मिरवीत होती, तो मुलीच्या मनातला आईचा धाक होता.

घरी येऊन ती देवयानीसमोर जमिनीवर बसली. "कस्तुरी तुझ्यामुळे गेली नाही. तू खोटं बोललीस ते मला घाबरून. मोडलेल्या हाडावर तुला मी चढवलं. ती माझ्यामुळे गेली."

देवयानी आईकडे वळली. मग प्रथमच रडली, अगदी मोठ्याने. आसावरीने तिला उगी केले नाही.

"मला आता स्पर्धाच नको," हुंदके ओसरल्यावर ती म्हणाली. "आणि घोड्यावर परत बसेन की नाही, ते मला आत्ता नाही माहीत. विचारू नकोस."

आसावरीच्या ओठांवर नियम आला होता. तिने तो गिळला. "नाही विचारणार."

कस्तुरी परत येणार नाही, आणि आसावरीला हे ओझे जन्मभर वाहायचे आहे. वाचकहो, मुलांना स्पर्धेत अवश्य उतरवा. जिंकण्याची ईर्ष्या वाईट नव्हे. पण ज्या मुलाला आपल्यासमोर "दुखतंय" म्हणता येत नाही, त्याला आपण धीट केलेले नसते. आपण त्याला फक्त मुके केलेले असते, आणि त्या मुकेपणाची किंमत बहुधा कुणीतरी निरपराध जीव मोजतो.