नव्या मैदानाचं आवतण

आमचा कबड्डीचा संघ हरण्यात तरबेज आहे. मी, लाडक्या, त्याचा प्रशिक्षक, तेव्हा दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगून टाकतो. साखरशेतच्या पुढे, मोखाड्याच्या बाजूला आमचा पाडा. नितीन होता तोवर आम्ही जव्हारच्या संघांना घाम फोडायचो. नितीन माझा एकुलता एक मुलगा. दिवाळीनंतर सगळे जातात तसा तोही ठाण्याला बांधकामावर गेला आणि सातव्या मजल्यावरून पडला. त्यानंतर आमच्या चढाईतला दमच गेला, आणि हळूहळू माणसंही यायची थांबली. हरणारा संघ बघायला उन्हात कोण बसणार? मीही बसलो नसतो.

मग वरच्या लोकांना सुचलं की मैदान चांगलं केलं की माणसं येतील. आमचं जुनं मैदान म्हणजे मोहाखालचं खळं. भात झोडून झालं की शेणानं सारवायचं आणि खेळायचं, बघणारे बांधावर. त्याऐवजी आता टेकाडावर पत्र्याचं छप्पर आलं, निळं-पिवळं मॅट आलं आणि एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्यांची गॅलरी आली. संघ तोच, हरणं तेच, मग बुडाखाली सिमेंट आलं म्हणून कोण येणार, असं मी ग्रामसभेत विचारलं.

उद्घाटनाला पाहुणे आले. आमच्याकडे नव्या जागेचं आवतण गावदेवाला नारळ फोडून देतात, आणि ते घराघराचं नाव घेऊन द्यायचं असतं. 'या सगळे' असं मोघम कधी म्हणायचं नाही, कारण ते ज्याच्या कानावर पडेल तो येतो. आमच्या तुका भगतानं रखमीच्या घरापासून नावं घ्यायला सुरुवात केली. पण पाहुण्यांना जव्हारला दुसरा कार्यक्रम होता. 'बाबा, आटपा,' असं कुणीतरी त्याच्या कानाशी लागलं. तुका आधीच माईकला बुजलेला, त्यात ही घाई. त्यानं एका दमात सांगून टाकलं, "जुन्या मैदानावं जो जो खेळला, जो जो बसला, त्या समद्यांनी अठं या."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या बायकांनी मात्र पदर तोंडाला लावले. मला त्यांचं हसू आलं होतं.

पहिला सामना जव्हारच्या संघाशी होता. दुपारी माणसं टेकाड चढून येताना मी डोळ्यांनी पाहिली, लेकराबाळांसकट. पण नाणेफेक करून मी वळलो तर गॅलरी ओस. तिसऱ्या पायरीवर एकटी माझी बायको, पुतळी. बाकीची माणसं खाली पायवाटेनं परत निघाली होती. मी धावत जाऊन रखमीला गाठलं आणि चिडून विचारलं, "काय झालं? फुकट आहे ना?"

"जागा कठं हाय बसाया?" ती म्हणाली.

"अख्खी गॅलरी मोकळी आहे."

"दिसत कोण नाय, लाडक्या. पण टेकाया गेले तं कुणाच्या मांडीवं बसल्यागत झालं. कुणीतरी सरकूनबी घेतलं माझ्यासाठी." तिनं पुन्हा पायवाट धरली. "मी नाय बसायची तठं."

मी मैदानावर आलो तेव्हा सामना सुरू झाला होता, आणि तेव्हा मलाही ऐकू यायला लागलं. आधी खोकला. मग विडीचा वास. मग आमच्या जगननं, म्हणजे कप्तानानं, समोरच्या गड्याचा हात धरला तसा मागून आवाज आला, "पाय धर, पाय! हात काय धरतो, लगीन लागलंय का?" असं ओरडणारा अख्ख्या पाड्यात एकच, मधु. मधुला आम्ही कधीच जाळून आलो होतो. जव्हारचा गडी चढाईत 'कबड्डी, कबड्डी' म्हणता म्हणता गॅलरीकडे बघत थांबला, त्याचा दम तुटला आणि आम्हाला एक गुण मिळाला. तेवढाच. मेलेल्यांनी एवढा घसा फोडूनही आम्ही हरलोच, यावरून संघाची कल्पना यावी.

जव्हारची पोरं चपला हातात घेऊन जीपकडे पळाली. आमची पोरं मॅटवरच बसून राहिली, एकमेकांना चिकटून. पुतळी मात्र घरी आली ती वेगळीच. चुलीपाशी गुणगुणत होती. नितीन गेल्यापासून तिच्या तोंडून सूर निघाला नव्हता.

"त्यो आला होता," ती म्हणाली. "माझ्या उजव्या अंगाला बसला. बोटं मोडत होता."

मी तिच्यावर ओरडलो. पोरगं गेलं ते गेलं, आता डोक्यात काही घेऊ नकोस, असं नको नको ते बोललो. ती ऐकून घेऊन भाकरी थापत राहिली.

पुढच्या सामन्याला मध्यंतरात मी मुद्दाम तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिनं तिच्या उजवीकडची जागा हातानं झाकली आणि मला डावीकडे बसवलं. माझ्या पाठीला कुणाचे तरी गुडघे लागत होते. मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही. मग पुतळीच्या पलीकडून कट्, कट् असा आवाज आला. करंगळीपासून एकेक बोट, आणि अंगठा सगळ्यात शेवटी. चढाईला जाण्याआधी नितीन असाच मोडायचा, आणि मी त्याला दर वेळी रागवायचो. मला रडू आवरेना. पोरांना वाटलं, काका गुणफलक बघून रडतोय.

सामना संपल्यावर मोखाड्याहून आलेले स्पर्धेचे सचिव सुदर्शन सर यांनी मला बाजूला घेतलं. "लाडक्याभाऊ, एवढी मोठी गॅलरी आणि त्यात एक बाई? पुढच्या वेळीही असंच असेल तर तुमचे सामने मोखाड्याला घ्यावे लागतील." ते बोलताना सारखे मान चोळत होते, कुणी फुंकर घातल्यासारखे.

मोखाड्याला सामने म्हणजे आमचा संघ संपलाच. मजुरी बुडवून दर वेळी जीपनं कोण जाणार? जगननं तुकाला गाठलं. तुका आधीच स्वतःच्या चुकीनं अर्धा झाला होता. तो म्हणाला, "मी बोलावलंय, मीच पाठवीन. पण मी नाव घेतलं की त्या घरच्यानं 'जा' म्हणाया पायजे. मग जो तो जठून आला तठं जाईल. मोहाखाली, खळ्यावं. खूश असतील तठं."

पुतळीनं विचारलं, "आणि नितीन?"

तुका खाली बघायला लागला. "नितीन मेल्यावं खळ्यावं आलाच नाय, पुतळे. त्याला वाटच घावली नाय घरची. त्यो आवतण ऐकून आला. त्यो जाईल तं ठाण्याला."

त्या रात्री मला डोळ्यांसमोर ती इमारत दिसत होती, बांबूची परांची, सिमेंटचा धुरळा, आणि माझं पोर तिथं एकटं, ओळखीचं कुणी नाही. संघ गेला खड्ड्यात, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

सामन्याच्या आदल्या सकाळी अख्खा पाडा गॅलरीखाली जमला. तुका एकेक नाव घेत गेला. मधुचं नाव आलं तेव्हा त्याची सून 'जा' म्हणाली आणि वरच्या पायरीवरून विडीचा वास हलला. असं घरामागून घर झालं. कुणी रडत होतं, कुणी हात जोडत होतं, आणि दर नावाला पायऱ्या थोड्या रित्या होत होत्या. शेवटी तुकानं नितीनचं नाव घेतलं.

जगन आणि पोरं माना खाली घालून उभी होती. एकानंही आमच्याकडे पाहिलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचं हरणं आयुष्यभर माफ करीन. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. त्याआधी पुतळी बोलली.

"जा, पोरा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आपण मागोमाग निघू."

दुसऱ्या दिवशी संघ मैदानावर आणि प्रशिक्षक बायकोसकट जव्हारच्या जीपमध्ये. तिथून एसटीनं ठाणे. इमारत शोधायला बराच वेळ गेला, कारण तिला आता रंग होता, नाव होतं, फाटक होतं. सातव्या मजल्यावर कुणाचे तरी कपडे वाळत होते. ते बघून मला इतका राग आला की मी फाटकाचा गज धरून उभा राहिलो.

तेवढ्यात जगनचा फोन आला. मागे नुसता गलका. "काका, गॅलरी भरली! माणसं खालीबी उभी हायेत. कठं हाय तुम्ही?"

"खेळा," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

वॉचमन बाहेर आला. "किससे मिलना है?"

"लडके से," मी सांगितलं. "नितीन. सातवा माला."

त्यानं आत जाऊन फोन केला, कुणाशी तरी बोलला आणि परत आला. "नितीन नाम का कोई नहीं रहता इधर, चाची."

"मालूम हाय," पुतळी म्हणाली. "रहता नाय. गिर गया था अठं. अटकेला हाय."

वॉचमन तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं वर, सातव्या मजल्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता फाटक उघडलं. पुतळी आत गेली, भिंतीपाशी उभी राहिली आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात हाक मारतात तशी मोठ्यानं हाक मारली.

"नितीन, चल घरी. आई आलीय न्यायला."