मशीन जोरात चालायचं तेव्हा

मी शिंपी. लोक मास्तर म्हणतात आणि मला ते आवडतं. दुकानाच्या वरच्या खोलीत एक जोडपं राहायचं. नवरा दुपारी जेवायला यायचा आणि बायकोला मारायचा. आडपडदा कशाला ठेवू? सगळं खाली ऐकू यायचं. पहिली किंकाळी आली की मी हातातली काजं बाजूला सारायचो, पडद्यासारखी लांब शिवण घ्यायचो आणि पायडल जोरात मारायचो. मशीनच्या घरघरीत वरचं बुडून जायचं. आपण भले नि आपलं काम भलं. नसती उठाठेव सांगितलीय कोणी?

मागच्या आठवड्यात ती एका ड्रेसच्या बाह्या लांब करायला आली. टेप लावताना मनगटावर काळानिळा वळ दिसला. तिनं सांगितलं त्याहून दोन बोटं जास्त वाढवली आणि वर स्वतःवरच खूश झालो.

मंगळवारी दुपारी त्यानं तिला जिवे मारलं. मी पडदा शिवत होतो. पडदा संपला तर दुसरा घेतला.

पोलीस त्याला घेऊन गेले. आपल्यालाही ओढतील की काय? वकील भाच्याला गाठलं.

"मामा, घाबरू नका. तुम्ही पोलीस नाही, तिचे बाप नाही. नुसतं बघत राहिला म्हणून कायदा कोणाला धरत नाही."

"बघितलं नाही रे. ऐकलं."

"मग तर प्रश्नच मिटला," तो हसला.

माझा जीव भांड्यात पडला. लाज वाटायला हवी होती. घरी जाऊन पोटभर जेवलो.

आज तिची आई ड्रेस न्यायला आली. लांब बाह्यांवरून हात फिरवत उभी राहिली.

"मास्तर, पोरगी नेहमी तुमच्याबद्दल बोलायची."

"माझ्याबद्दल?"

"मी म्हणायचे, निघून ये बाई. तर म्हणायची, आई, खाली मास्तर आहेत ना. त्याचा हात उठला की त्यांचं मशीन जोरात सुरू होतं. म्हणजे त्यांना ऐकू जातं. एक दिवस येतील बघ जिना चढून."

म्हातारी गेली. मी मशीनवर बसलो, पण पाय उचलेना. शेवटी उठलो आणि वीस वर्षांत पहिल्यांदा तो जिना चढलो. बाराच पायऱ्या होत्या. वर दाराला कुलूप होतं.