खोडलेल्या ओळीचा वळ

मी खोडरबर बोलतोय. हसू नका. पेन बोललं, पुस्तक बोललं, तर लोक मान डोलावून ऐकतात. खोडरबर बोलायला लागला की म्हणतात, याच्याकडे काय असणार सांगण्यासारखं, याचा सगळा जन्म दुसऱ्याचं लिहिलेलं पुसण्यात गेला. अहो, पण जो पुसतो तो आधी वाचतो! निदान मी तरी वाचतो. माझं वाचन कुणापेक्षा कमी आहे असं मला वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पांढऱ्या रबराची लांबच लांब पट्टी यंत्राखालून सरकत होती, वरून पातं आलं आणि मी बाकीच्यांपासून वेगळा झालो. अंगावर निळ्या कागदाचं जाकीट चढलं. पुढे स्टेशनरीच्या दुकानात बरेच दिवस बरणीत पडून होतो. शाळेतली पोरं मला उचलायची, नाकाशी धरायची आणि परत टाकायची, कारण मला स्ट्रॉबेरीचा वास नव्हता. काय सांगू, फार अपमान झाला तिथे.

मग एक दिवस ठकूने मला उचललं. तिने हुंगलं नाही. अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाली, "हा कागद फाडणार नाही. द्या."

ठकू आणि तिची वहिनी मिळून कपडे शिवायचं दुकान चालवतात. रस्त्याच्या वळणावरची एकच खोली. काचेचं दार, दोन मशिनं, मधोमध कापायचं भलंमोठं टेबल आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले ब्राउन पेपरचे नमुने. ठकूचा दादा बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरातही या दोघीच आणि दुकानातही या दोघीच. ठकू शाळेत होती तेव्हा वहिनी लग्न होऊन घरात आली. सुई धरायला तिनेच शिकवलं आणि गोष्टीची पुस्तकं वाचायलाही तिनेच.

आता कामाची एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. नमुना काढताना ब्राउन पेपर दुहेरी घालतात. वरच्या कागदावर पेन्सिल अशी दाबून चालवायची की खालच्यावर तिचा वळ उठला पाहिजे. मग खालच्यावर खडू आडवा फिरवला की वळ तेवढा कोरा राहतो आणि रेघ दिसते. एका कष्टात दोन नमुने. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे ठकूचा हात जड झालेला. बाई साधी सही करायला बसली तरी खालची चार पानं दचकायची.

माझं दुकानातलं काम चुकलेल्या रेघा पुसणं. पण माझी खरी आवड निराळी. दोघींना वाचनाचं वेड, आणि त्यांचा एक नेम होता. पुस्तक एकच आणायचं. आधी एकीने वाचायचं, वाचताना समासात पेन्सिलीने मनातलं लिहायचं, आणि दुसरीला देण्याआधी सगळं खोडायचं, म्हणजे तिला पुस्तक कोरं मिळेल. दोघींचं वाचून झालं की कापायच्या टेबलावर समोरासमोर बसून भांडायचं. समासात ठकू काय काय लिहायची! 'अगं वेडे, त्याचं ऐकू नकोस.' 'हे पान पुन्हा वाचायचं.' 'या काकांना कुणीतरी एक लगावून द्या.' वहिनीचं अक्षर बारीक, आणि तिचा शेरा बहुतेक एकच: 'हं.' पण त्या एका 'हं'चे मी दहा तरी अर्थ पुसले असतील.

मागच्या वर्षी वहिनी ओल्या जिन्यावरून घसरली. मनगटाचं हाड जुळलं, पण जाड कापडावर मोठी कात्री चालवायचं बळ काही परत आलं नाही. तेव्हापासून कापायचं ठकूने, शिवायचं वहिनीने. दोघींत मिळून एक शिंपीण उरली होती म्हणा ना.

अशात दोघींच्या लाडक्या लेखिकाबाईंचं नवं पुस्तक आलं. त्यांची मागची सगळी पुस्तकं दोघींना जवळजवळ पाठ. शिवाय खबर अशी की बाई स्वतः वाचनालयात येणार! तिथे दर महिन्याला 'सध्या काय वाचताय' अशी बैठक असते. आमच्या दोघी कधी चुकवत नाहीत. ग्रंथपालांनी वहिनीला बजावून सांगितलं, "तुमची प्रत घेऊन या, बाई सही करतील."

पहिली वाचायची पाळी ठकूची होती. दुपारी वहिनी एका गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायला गेली आणि ठकू टेबलाशी पुस्तक घेऊन बसली. गोष्टीतली नायिका गॅसवर दूध ठेवते आणि थोरल्या बहिणीला काही न सांगता घर सोडून निघून जाते. ठकूने पेन्सिल उचलली आणि समासात लिहिलं, 'न सांगता गेलीस? भित्री कुठली!'

मग तिने ते पान पुन्हा वाचलं. पेन्सिल पुन्हा कागदाला लागली. 'मी तरी कुठे शूर? एक तारखेपासून नाटक कंपनीच्या कपडेपटात जायचंय. होकार कळवून बसलेय, आणि वहिनीला सांगायला तोंड उघडत नाही.'

माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे रबराला येतो तेवढा. नाटकाचे पोशाख कापायचं काम ठकूला किती हवं होतं हे मला माहीत होतं. गोष्टीत असे पोशाख आले की समासात ती सगळा गळा, बाह्या काढून बसायची. पण कपडेपट दुसऱ्या शहरात. ती गेली तर इकडे कापणार कोण? वहिनीने शिवायचं काय?

बाहेर वहिनीच्या चपला वाजल्या. ठकूने मला झडप घालून उचललं आणि त्या ओळींवर असं घासलं की माझा एक कोपराच गळून पडला. समास पांढरा झाला. माझा कीस फुंकून उडवत ती म्हणाली, "घे वहिनी, झालं माझं."

"रडवलं का गं बाईंनी या वेळी?"

"बघ वाचून."

मला मात्र दिसत होतं. शिसं गेलं होतं, वळ गेला नव्हता. शिसं काढणं माझं काम. कागदात रुतलेलं काढायला मी काही इस्त्री नाही. तिरप्या उजेडात प्रत्येक अक्षर खोल, स्वच्छ वाचता येत होतं. आणि पुस्तक कुणाच्या हाती गेलं होतं? जिच्या बोटांना आयुष्यभर कागदावरचे वळ चाचपायची सवय, तिच्या!

त्यानंतरचे दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. वहिनी रोज थोडं थोडं वाचायची आणि मी टेबलावरून पानं मोजायचो. अखेर ते दूध उतू जाणारं पान आलं. वहिनीचं बोट समासावरून सरकलं आणि थांबलं. तिने पुस्तक जरासं खिडकीकडे कलतं केलं.

"ठकू," वहिनी म्हणाली.

"काय?"

"काळं रीळ संपलंय. उद्या आण."

बस्स. तिने पान उलटलं. समासात 'हं'सुद्धा लिहिलं नाही. तिला कळलं की नाही, हे मला कळेना. ठकूचं तर लक्षच नव्हतं, ती रोज सकाळी काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि "चहा टाकू?" असं विचारून मिटायची. एक तारीख जवळ येत चालली आणि दुकानात मशिनांखेरीज कुणाचा आवाज निघेना.

बैठकीच्या दिवशी ठकूने मला खिशात टाकलं. उगीचच, परीक्षेला जाताना टाकतात तसं. वाचनालयाची खोली भरली होती. लेखिकाबाई खिडकीशी बसल्या होत्या, फोटोतल्यापेक्षा बुटक्या आणि हसऱ्या. आधी सगळ्यांनी आपापलं वाचन सांगितलं. दाताचे डॉक्टर म्हणाले, "मी रहस्यकथा शेवटापासून वाचतो, म्हणजे मधे जीव घाबरत नाही." त्यावर बाई म्हणाल्या, "दात काढतानाही आधी उपटलेला दात दाखवता का?" खोली हसली. ठकूही हसली, बऱ्याच दिवसांनी.

मग वहिनीने सहीसाठी पुस्तक पुढे केलं. बाईंनी सहज चाळलं, आणि त्यांचा हात नेमका तिथेच थांबला. खिडकीतलं ऊन पानावर आडवं पडलं होतं.

"अरे वा! इथे कुणीतरी लिहून खोडलंय," त्या खूश होऊन म्हणाल्या. "वाचक समासात काय लिहितात ते वाचायला मला फार आवडतं. तोंडावर सगळे गोडच बोलतात हो. जरा पेन्सिल द्या बघू."

ग्रंथपालांनी पेन्सिल दिली. बाईंनी ती आडवी धरून समासावर हलके हलके फिरवली. ठकूचा हात खिशात गेला आणि तिने मला मुठीत आवळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीत मी घामाने भिजून निघालो होतो.

करड्या रंगातून पांढरी अक्षरं वर आली. "'न सांगता गेलीस? भित्री कुठली!'" बाईंनी मोठ्याने वाचलं. हशा पिकला. बाईच सगळ्यांत जास्त हसल्या. "कुणाचं आहे हे? अगदी खरं बोललात. अहो, तो निरोप मला लिहायलाच जमेना. दोन बहिणी समोरासमोर उभ्या केल्या की मीच टेबलावरून उठून जायचे. म्हणून पाठवून दिली तिला न सांगता. भित्री मी आहे!"

सगळे टाळ्या वाजवत होते आणि पेन्सिल पुढे सरकत होती. "थांबा, खाली अजून आहे. 'मी तरी कुठे शूर? एक तार...'"

बाई थांबल्या. त्यांचे डोळे मात्र पुढे वाचत गेले. मग त्यांनी हळूच वर पाहिलं. ठकू पांढरीफटक पडून अर्धवट उठली होती.

"पुढचं काही लागत नाही बाई मला," लेखिकाबाई म्हणाल्या. "अक्षर पुसट आहे." आणि त्यांनी पुस्तक मिटायला घेतलं. खोटं बोलल्या त्या. पुसट कसलं, ठणठणीत अक्षर होतं. पण त्या खोट्याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

"राहू द्या उघडं," वहिनी म्हणाली. "पुढचं ती सांगेल."

वहिनी ठकूकडे बघतही नव्हती. दुखरं मनगट दुसऱ्या हाताने धरून नुसती बसली होती. वाट बघत.

"वहिनी, मी जातेय," ठकू म्हणाली. "कपडेपटात. त्यांनी कापणीवर घेतलंय मला."

"कधी?"

"एक तारखेला."

"आणि हे सांगायला तुला एवढी गर्दी लागली?"

ठकू रडायला लागली. "तुला कधी कळलं?"

"वाचलं त्याच दिवशी. तुझा हात जड आहे, पोरी. खडूसुद्धा लागला नाही मला." वहिनीने आता कुठे तिच्याकडे पाहिलं. "रोज वाटायचं, आज बोलेल. रोज तू चहा विचारायचीस. मी रागावले नाही असं समजू नकोस. खूप रागावलेय. जाणार म्हणून नाही. लिहिलंस म्हणूनही नाही. खोडलंस म्हणून."

मुठीतल्या मुठीत मी एवढासा झालो. आजवर स्वच्छ पानाचा मला केवढा गर्व!

"तुझं मनगट..." ठकू म्हणाली.

"माझं मनगट माझ्या हाताला आहे. त्याचं मी बघेन. तू कात्री सांभाळ तुझी."

बाईंनी सही त्याच पानावर केली, त्या करड्या समासाखाली. त्यांच्या हातून अक्षर जरा वाकडंच आलं.

गोड शेवट सांगायचा मोह मला होतोय, पण सगळं काही गोड झालं नाही. वहिनीने मोठी कामं सोडली. आता ती चेन बसवते, लांबी कमी करते, घट्ट झालेलं सैल करते. कापायचं टेबल निम्मं रिकामं असतं. जायच्या दिवशी ठकूने पेटीत कात्री ठेवली, टेप ठेवली, आणि मला उचललं. तेव्हा वहिनीने तिचा हात धरला.

"हा इथेच राहू दे."

"अगं, पण पुस्तक पाठवण्याआधी खोडायला..."

"तेच तर. खोडायचं नाही. लिहिशील तसंच पाठवायचं."

ठकूने मला खाली ठेवलं. तेव्हापासून मी इथे, रिकाम्या टेबलाच्या कडेला आहे. अंगावर धूळ बसलीय. जाकीट केव्हाच फाटलं. पूर्वीचा असतो तर कुरकुर केली असती.

काल टपालाने पुस्तक आलं. पहिल्याच पानाच्या समासात जाड, काळ्या, जड हाताच्या अक्षरात लिहिलं होतं, 'वहिनी, इथे राजाचा अंगरखा कापते आणि रात्री तुझी आठवण येऊन रडते. येऊ का परत?'

वहिनीने ते वाचलं. मशीन बंद केलं. पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, 'ये.' मग तिने माझ्याकडे हात केला. मला उचलून तो शब्द पुसला. पुसला म्हणजे काय, वळ होताच. पहिल्यांदाच तिने एवढं दाबून लिहिलं होतं. तिलाही तो दिसला. ती कितीतरी वेळ त्याच्यावर बोट ठेवून बसली.

मग तिने मला टेबलाच्या खणात टाकलं आणि त्या वळाशेजारी आपल्या बारीक अक्षरात लिहिलं, 'ये म्हणून लिहिलं होतं. खोडलं. तू अंगरखा पुरा कर.'

खणात अंधार आहे. लोकहो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे: आता मला इथून बाहेर काढू नका.