दोनदा भरलेला वाडगा

उंच स्टुलावर बसताबसता घड्याळजींनी उजवा हात मांडीखाली सारला.

"गारठा आहे," कुणी विचारलं नसतानाही ते म्हणाले.

त्यांच्या मुलीने मान डोलावली. ती तलावावर पोहायला शिकवत असे. सकाळची शिकवणी आटोपून तशीच आली होती, आणि तिचे केस अजून ओले होते. दुपारची गर्दीची वेळ. नूडल्सचं दुकान एवढंसं. एक लांब लाकडी फळी, तिच्यापुढे नऊ स्टुलं, आणि फळीच्या पलीकडे एकटा आचारी. त्याच्या मागे सूपची दोन पिंपासारखी पातेली आणि उकळत्या पाण्याचं तिसरं. टेबलं नव्हतीच. येईल त्याने आचाऱ्याकडे तोंड करून बसायचं.

"इथे सगळ्यांना सगळं दिसतं," घड्याळजी हळूच म्हणाले.

"दिसतं, पण बघायला फुरसत कुणाला आहे? जो तो आपापल्या वाडग्यात."

गेले आठ महिने ते कुणासमोर जेवले नव्हते. हाताची थरथर वर्षभरापूर्वी सुरू झाली. आधी चिमट्यातून स्क्रू निसटायला लागले, तेव्हा त्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं. चाळीस वर्षांचं दुकान. मग एका मित्राच्या घरी जेवताना चमचा हिंदकळला, आणि मित्राच्या बायकोने, अतिशय प्रेमाने, न विचारता त्यांच्या गळ्यात रुमाल बांधला. त्या दिवसापासून ते स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून जेवायचे. मुलगी आली की "माझं झालंय" म्हणायचे. आज तिने त्यांना चष्म्याच्या दुकानात जायचंय म्हणून घराबाहेर काढलं होतं आणि चष्म्याच्या दुकानावरून सरळ पुढे नेलं होतं.

"दोन द्या," तिने आचाऱ्याला सांगितलं. "अंडं घालून."

आचारी साठीच्या आसपासचा, काटकुळा, डोक्याला फडकं बांधलेला. त्याने दोघांकडे एकदा पाहिलं, नूडल्सच्या दोन जुड्या सुट्या केल्या आणि लांब दांड्याच्या गाळण्यांत घालून उकळत्या पाण्यात सोडल्या. तिथे आधीच चार गाळण्या लटकत होत्या. प्रत्येक वेगळ्या वेळी पडलेली.

घड्याळजींना काही करायला नव्हतं, म्हणून ते बघत राहिले. मनातल्या मनात सेकंद मोजायची त्यांना जुनी खोड होती. पहिली गाळणी वर आली. तिच्या जागी नवी पडल्यापासून त्यांनी मोजलं: सत्तर. तिच्यानंतरचीही सत्तर. मधे आचारी कांदा चिरत होता, गिऱ्हाइकाला पाणी देत होता, कुणाला तरी दार लावून घ्या म्हणून सांगत होता. पण सत्तर म्हणजे सत्तर.

त्यांनी चारही भिंतींवरून नजर फिरवली.

"घड्याळ नाही," ते म्हणाले.

"कुठे?"

"इथे. एकही नाही. आणि बुवा सेकंदाला पक्का आहे." त्यांच्या मिशीत हसू आलं. "अशी माणसं वाढली असती, तर तुला शिकवायला माझ्याकडे पैसे कुठून आले असते?"

मुलगी हसली नाही, हललीही नाही. पाखरू खिडकीत येऊन बसल्यावर माणूस जसा स्थिर राहतो, तशी बसून राहिली.

आचाऱ्याने गाळणी उचलून एकच झटका दिला. पाणी निथळलं, नूडल्स वाडग्यात पडल्या आणि काड्यांनी त्यांची घडी अशी बसली, की जणू कुणी केस विंचरून ठेवलेत. मग त्याने दातात दोऱ्याचं एक टोक धरलं, दुसरं हातात, आणि मधे उकडलेलं अंडं धरून ते अलगद दुभंगलं. सुरीला चिकटला असता असा अर्धवट शिजलेला पिवळा बलक जिथल्या तिथे राहिला. घड्याळजींनी श्वास सोडला. मुलीने पाहिलं, त्यांचा उजवा हात मांडीखालून निघून फळीवर आला होता, आणि त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

वाडगे समोर आले. मुलीचा काठोकाठ भरलेला. शेजारी बसलेल्या, टाय घातलेल्या माणसाचाही. घड्याळजींचा चांगला दोन बोटं कमी.

त्यांनी तिकडे पाहिलं, इकडे पाहिलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझा भरला नाहीत तुम्ही," ते म्हणाले.

मुलीने खाली पाहिलं.

आचाऱ्याने पळी पातेल्याच्या काठावर टेकवली. "भरणार आहे ना. दोनदा."

"का पण?"

"सावकाश खाणाऱ्याचं सूप शेवटी गार होतं. पहाटेपासून उकळतोय मी ते. गार झालेलं कुणी प्यालं तर मला वाईट वाटतं." तो पुढच्या गाळणीकडे वळला. "तुमचं इथे राखून ठेवलंय. सांगायची गरज नाही."

घड्याळजी वाडग्याकडे बघत राहिले. आत सूप हाताबरोबर हललं असतं, पण काठापर्यंत आलं नसतं. तेवढाच अंदाज ठेवलेला होता. कमीही नाही, जास्तही नाही. हा अंदाज बघून काढलेला आहे हे त्यांना कळलं, आणि कधी बघितलं हे मात्र कळलं नाही.

त्यांनी काड्या बाजूला सारून काटा उचलला.

दुकानभर भुरक्यांचा आवाज होता. टायवाल्याने टाय खांद्यावर टाकला होता, तरी त्याच्या शर्टावर तेलाचे तीन शिंतोडे होते आणि तो सुखात होता. घड्याळजी वाकले, तोंड वाडग्याजवळ नेलं आणि ओढलं. हनुवटीवर थेंब आला. सगळ्यांच्याच हनुवटीवर होता.

"कसं आहे?" मुलीने विचारलं.

"बोलू नकोस. खा."

वाडगा अर्धा झाला तेव्हा पळी आली, बोलता बोलता, दुसऱ्याच कुणाला तरी उत्तर देताना. वाफाळतं सूप पुन्हा तेवढ्याच उंचीवर येऊन थांबलं. एक थेंबही फळीवर सांडला नाही. घड्याळजींनी हातातला काटा खाली ठेवला आणि आचाऱ्याकडे पाहून, कारागीर कारागिराला करतो तशी, किंचित मान लववली. आचाऱ्याने तशीच परत केली आणि पुढची जुडी सुटी करायला घेतली.

सूप संपायला बराच वेळ लागला. दाराशी थांबलेल्या रांगेतल्या कुणी घाई केली नाही.

बाहेर वारा सुटला होता. घड्याळजी दाराच्या आडोशाला थांबून कोटाच्या बटणांशी झगडायला लागले. मुलगी दोन पावलं पुढे जाऊन रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचायला लागली. अशा वेळी आपण दुसरीकडे बघायचं, हे ती या वर्षात शिकली होती.

"ठमे."

"काय बाबा?"

त्यांनी कोटाच्या दोन्ही बाजू तिच्याकडे धरल्या होत्या.

"वरची दोन तू लाव," ते म्हणाले. "खालची मी लावतो."

तिने दोन लावली. तिसऱ्यापाशी तिची बोटं थांबली आणि मागे आली. खालच्या बटणांना वेळ लागला. या खेपेला ती पाट्या वाचत नव्हती. वाऱ्याच्या बाजूला पाठ करून त्यांच्यासमोर उभी होती.