शुक्रवारचे मोजमाप

निजामपुऱ्यातल्या बाळाराम पाटलांच्या यंत्रमाग कारखान्याचा वरचा मजला लूम चालू असताना डुलत असे. त्यावर इलाज हवा होता. शिवाय तळमजल्याची मागची भिंत पाडून टेम्पो आत येईल एवढा दरवाजाही हवा होता. दोन्ही कामे त्यांनी ठाण्याला स्ट्रक्चरल इंजिनिअर असलेल्या पुतणीवर, रुचिकावर सोपवली.

रुचिकाने इमारतीचे फायनाइट एलिमेंट मॉडेल केले. म्हणजे लहान लहान तुकड्यांनी जोडलेली तीच इमारत, संगणकातली. मॉडेलच्या मते इमारतीचे स्वतःचे डोलणे सेकंदाला अडीच वेळा होते. लूमचे ठोकेही सेकंदाला अडीच. झोपाळ्याला नेमका त्याच्या लयीत धक्का देत राहावे, तसा हा प्रकार. गुरुवारी तिने वरच्या मजल्यावर कंपनमापक ठेवला. त्यानेही अडीचच दाखवले. मॉडेल आणि मोजमाप जुळल्यावर शंका काढायला जागा उरली नाही.

मग तिने संवेदनशीलतेचे गणित केले: एकेक भाग किंचित बदलला, तर ही लय किती आणि कोणत्या दिशेने सरकते. खांब जाड केल्यास थोडी वाढत होती. मागची भिंत काढल्यास वजन घटून तेव्हाही ती किंचित वाढत, म्हणजे लूमच्या लयीपासून दूर जात होती. काकांच्या मनातलेच उत्तर आले. भिंत पाडायला हरकत नाही, असे तिने कळवून टाकले.

शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून पाडकाम शुक्रवारी. रुचिका सकाळी पोहोचली तेव्हा हरेश गवंड्याने वरच्या थरातल्या चार-पाच विटा काढल्या होत्या. पाडण्याआधीची नोंद असावी, एवढ्यासाठी तिने कंपनमापक पुन्हा ठेवला. रस्त्यावरच्या रहदारीने इमारत जेमतेम हलत होती. तेवढे पुरेसे होते.

आकडा आला तीन पूर्णांक तीन दशांश.

तिने तो पुन्हा घेतला. तोच आला. काल लूम चालू होते; तिने इमारत मोजलीच नव्हती. इमारतीला हलवणारे लूम मोजले होते.

"हरेशभाऊ, जरा थांबा."

सुताच्या गठ्ठ्यावर लॅपटॉप ठेवून ती बसली. विटांच्या भिंतीला वजन असते, ताठपणा नसतो, असे धरण्याची तिच्या कार्यालयात रीत होती. तिने भिंतीला ताठपणा दिला. मॉडेल तीन पूर्णांक तीन दशांशच्या आसपास आले. संवेदनशीलता पुन्हा काढली. सगळ्यांत मोठा आकडा मागच्या भिंतीचा होता, आणि त्याचे चिन्ह उलटले होते: भिंत काढली की लय आता घटत होती.

बाळाराम येऊन उभे राहिले. "काय झाला, बाय?"

"काका, भिंत पाडायची नाही."

"काल तूच बोललीस ना, पाडा म्हणून?"

"काल चुकले. इमारत या भिंतीच्या जोरावर लूमच्या लयीपासून लांब आहे. भिंत गेली की बरोबर त्या लयीवर येईल. आता डुलते त्याच्या कितीतरी पट डुलेल."

"खांब हायत ना एवढे जाड?"

"खांबांचा आकडा भिंतीच्या मानाने अगदी लहान आहे."

हरेश हातोड्यावर हात टेकून म्हणाला, "शेट, आज पाडून तर बघू. हललं तर परत बांधू."

"आज काहीच हलणार नाही," रुचिका म्हणाली. "लूम बंद आहेत. तुम्ही भिंत पाडाल, चहा प्याल, घरी जाल. उद्या सकाळची शिफ्ट वर चढली की कळेल."

बाळारामांनी जिन्याकडे पाहिले. वर अठरा माणसे काम करत. "इंजिनेर घरची आसून हा तरास," ते म्हणाले. "हरेश, इटा परत बसव. सिमेंटचा माल नीट भर."

हरेश पाटी घेऊन वाळूकडे गेला.

"आन दरवाजा? बाजूच्या भिंतीत काढू? टेम्पोवाला शिव्या घालील, पन घालू दे."

ती भिंत लूमच्या हेलकाव्याच्या दिशेला काटकोनात होती, त्यामुळे तो रोखण्यात तिचा फारसा वाटा नव्हता. पडद्यावर तिचा आकडा शून्याजवळ होता. कालची रुचिका लगेच हो म्हणाली असती.

"गणित हो म्हणतंय," ती म्हणाली. "आधी बसवलेल्या विटांचा माल सुकू दे. पुढच्या शुक्रवारी मोजते, मग सांगते."