किल्लीची कादंबरी

शहाणपणा मिरवायची खोड मला लहानपणापासूनचीच. त्या दिवशी वाचनालयात माझ्या कादंबरीवर बोलायला बोलावलं होतं. चार वाक्यं बोलून खाली बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण नाही! मी फ्रेंचमधून आलेला शब्द काढला, ‘रोमाँ आ क्ले’. म्हणजे किल्लीची कादंबरी.

“तीनेकशे वर्षांपूर्वी तिकडे खऱ्या माणसांना खोटी नावं देऊन कादंबऱ्या लिहायचे,” मी ऐटीत सांगितलं. “मग कोण म्हणजे कोण, याची यादी हातोहात फिरायची. ती यादी म्हणजे किल्ली.”

पहिल्या रांगेत ताई होती. शेजारच्या चौघींना आग्रहाने घेऊन आली होती. आईमागे मला तिनेच वाढवलं, त्यामुळे माझं कौतुक तिला जरा जास्तच.

मागून एक मास्तर उठले. “मग तुमची ती बाई कोण हो? नवरा सोडून गेला म्हणून दुसऱ्या गावी येऊन राहते, आणि जिवंत नवऱ्याला खुशाल वारला म्हणून सांगते, ती?”

सगळे हसले. ‘कुणी नाही, कल्पनेतली आहे,’ एवढंच म्हणायचं होतं. वीस वर्षं मीही लोकांना ‘भावोजी वारले’ असंच सांगत आलो होतो की! पण हशा-टाळ्यांची चटक वाईट. मी म्हणालो, “किल्ली शोधायला लांब कशाला जाऊ? आमच्या घरातच आहे!” आणि बोलता बोलता माझी नजर पहिल्या रांगेवर कडमडली.

चौघींचं हसू थांबलं. एकीने हळूच ताईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ताई मात्र शेवटपर्यंत ताठ बसली, टाळ्याही वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना चौघी भराभर पुढे निघून गेल्या. मी ताईला गाठलं. “ताई, चुकलो गं. जोड्याने मार मला.”

“वाचलं तेव्हाच ओळखलं होतं मी स्वतःला,” ती म्हणाली. “रागावले नाही. वाटलं, एकदाचं सांगून झालं, आणि नावही माझं नाही. म्हणून तर या चौघींना वाचायला दिलं.”

चौघी गेल्या त्या वाटेकडे तिने पाहिलं.

“त्या बाईसाठी हळहळल्या रे चौघी. बरं वाटलं होतं ऐकायला. आता माझ्यासाठी हळहळतील. ते नाही सोसायचं मला.”