सही कोणाची?

धुळ्याच्या त्या कॉलेजात प्रशील सोनवणे नऊ वर्षं तासिकेवर होता. म्हणजे शिकवायचं पूर्ण, मान अर्धा. दर जूनला विभागप्रमुख रुपचंद सरांनी शिफारस केली तर तास, नाही तर घरी.

यंदा सरांनी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाची पाच पोरं त्याच्या गळ्यात मारली. संशोधन स्पर्धेसाठी गट. फॉर्मवर मार्गदर्शक म्हणून नाव सरांचं, कारण नियमच तसा. मार्गदर्शक कायम प्राध्यापक हवा, नसेल तर गट बाद. पोरांना घेऊन एरंडोलकडच्या गावांत पाण्याचे नमुने घेत बोअर-बोअर हिंडला तो प्रशील. एका गावी हिलाल आबा म्हणाले, "बठ्ठं पानी खारं शे. बाटलीमा भरीसन काय गोड व्हई?" पोरं हसली, पण बाटल्या भरत राहिली. आकडा आवडला नाही म्हणून बदलायचा नाही, हे प्रशीलने त्यांच्या डोक्यात ठोकून बसवलं. रोज नोंदवही तपासायचा, प्रत्येक पानाखाली सही करायचा. रुपचंद सर वर्षात दोनदा लॅबमध्ये आले, दोन्ही वेळा फोटोसाठी.

अंतिम फेरी जळगावला. परीक्षक बाई पोस्टर सोडून नोंदवहीच चाळत बसल्या.

"मार्गदर्शक हे सर ना? मग ही सही कोणाची?"

रुपचंद सरांना तेवढ्यात फोन आला, म्हणजे त्यांनी तो कानाला लावला. गटातली सपना सरळ बोलली, "प्रशील सरांची. आम्हाला त्यांनीच शिकवलं."

बाकी चौघांचे चेहरे उतरले. बाईंनी प्रशीलकडे पाहिलं.

"मी लॅबमधला मदतनीस आहे मॅडम," प्रशील म्हणाला. "बाटल्या मोजून घेतल्याची सही आहे ती. पोरगी घाबरली, काहीही बोलतेय."

पहिला नंबर आला. शाल रुपचंद सरांच्या खांद्यावर, ट्रॉफी मध्ये, पोरं बाजूला. मोबाइल त्यांनी प्रशीलच्याच हातात दिला, आडवा धरा म्हणाले. फोटोत पोरं चारच होती.

सपना बाहेर पायरीवर बसली होती. प्रशीलने तिला समजावलं की गट बाद झाला असता, वर्षाची मेहनत मातीत गेली असती, मी तुमच्यासाठीच बोललो.

"आमच्यासाठी नका सांगू सर," ती म्हणाली. "गट बाद झाला असता तर आम्ही हात हलवत घरी गेलो असतो, बस. तास तुमचे जाणार होते. तुम्ही त्यासाठी मला खोटं पाडलं."

त्याला राग आला. मग राग कशाचा आला तेही कळलं.

फाटकाशी रुपचंद सरांची गाडी थांबली. त्यांनी पुढचं दार आतून उघडलं.

"बसा सोनवणे. जूनची काळजी सोडा आता."

सपना उठून स्टँडकडे चालू लागली होती. प्रशील गाडीत बसला.